टायरमधली हवा आणि मायलेज: पावसाळ्याआधीची नोंद

मायलेज वाढतं का ते बघायला गाडीच्या टायरमधली हवा 33 वरून 36 पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) नेली. मायलेजचा आकडा मात्र देत नाही, कारण तो देण्याच्या लायकीचा नाही.

हिशेबच करून बघा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ठोकताळा असा, की चारही टायरांत सरासरी 1 पीएसआय हवा उतरली तर मायलेज साधारण 0.2 टक्के घटतं. 5 पीएसआय उतरले तर 1 टक्का. लिटरला 18 किलोमीटर जाणाऱ्या गाडीत हे 200 मीटरसुद्धा भरत नाहीत. आणि 20 लिटर पेट्रोल घेताना नोझल अर्धा लिटर आधी कट झाला, की अडीच टक्क्यांची चूक तिथेच झाली! वर एसी आहे, गोव्यात फोंड्याजवळच्या फर्मागुढीच्या चढणीला पुढे रखडत चाललेला ट्रक आहे. पेट्रोलमधलं इथेनॉल वाढायच्या आधीच्या नोंदी तर यात मिसळूच नयेत. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश. नुसत्या हवेने दोन किलोमीटर वाढले असं कोणी सांगितलं, की मी विषय बदलतो.

म्हणून टाकी भरून मोजणं सोडलं. आता रविवारी पहाटे औद्योगिक वसाहतीतल्या सपाट, रिकाम्या रस्त्यावर 40 च्या वेगाला गाडी न्यूट्रल करायची आणि 10 वर येईपर्यंतचा वेळ बघायचा. इंजिन चालूच ठेवायचं, नाहीतर ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही जड होतात. दोन्ही दिशांनी करायचं, म्हणजे वारा आणि न दिसणारा उतार कापला जातो. यात फरक लख्ख दिसतो. 28 वर गाडी लवकर मरगळते. 33 वर छान लांब जाते. 36 वर अजून थोडी, पण 28 ते 33 मधली उडी तिथे नाही. टायर जमिनीला टेकताना दबतो, सुटताना फुलतो, आणि दबताना घेतलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही. उरलेली उष्णता होऊन जाते. हवा वाढवत नेली की हे दबणं कमी होतं, पण प्रत्येक पीएसआयमागचा फायदाही आटत जातो.

तेव्हा माझ्या मते खरी कमाई 36 वर जाण्यात नाही, 28 वर न उतरण्यात आहे. आणि आपण उतरतो ते बहुतेक हवा भरायच्या वेळेमुळे. किती हवा भरायची ते सांगणाऱ्या, दाराच्या खांबावरच्या स्टिकरचा आकडा थंड टायरचा असतो. फोंड्याहून पणजीला पोचेपर्यंत टायर तापून 3-4 पीएसआय वर गेलेला असतो. तिथल्या पंपावरचा मुलगा विचारतो, "बाब, किती घालू?" आपण ऐटीत 33 सांगतो, तो जास्तीची हवा सोडून बरोबर 33 करतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर 29-30 वर. त्यात हवामान 5-6 अंशांनी उतरलं की आणखी 1 पीएसआय जातो. हवा मोजायचं स्वतःचं गेज घ्या, सकाळी गाडी हलवण्याआधी बघा. पंपावर जायचंच तर घराजवळच्या. तापलेल्या टायरची हवा कधीच सोडू नये.

नायट्रोजनबद्दल विचारणाऱ्यांसाठी: साध्या हवेत तो 78 टक्के असतोच. गळती जरा हळू होते इतकंच. गेजला सुट्टी नाही.

पावसाचं म्हणाल तर प्रकरण दुहेरी आहे. कमी हवेचा टायर साचलेल्या पाण्यावर कमी वेगालाच तरंगायला लागतो, त्यामुळे जूनमध्ये हवा उतरवून पकड वाढवायची कल्पना सोडून द्या. पण स्टिकरच्या फार वर गेलं की टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो, मधूनच झिजतो, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला नको तितका पुढे जातो. टायरच्या बाजूवर, म्हणजे साइडवॉलवर, छापलेला मोठा आकडा ही टायरची कमाल मर्यादा आहे, भरायचा आकडा नव्हे. 36 वर खड्डे कमरेला कळतात ते वेगळंच.

पहिल्या सरीआधी मी परत 33 वर येतोय. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पाच माणसं आणि माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान घेऊन गावच्या घरी जायचं असतं, तेव्हा मागच्या दोन टायरांत स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा घालेन. तो वेगळा दिलेला असतो. आपल्या गाडीचा आजच बघून ठेवा.