जात्यावरच्या ओव्यांसाठी आम्ही बायकांनी संस्था रजिस्टर केली, त्याचा अनुभव

ओव्या गोळा करायला संस्था कशाला पाहिजे, मोबाईल घेऊन जायचं नि रेकॉर्ड करायचं, असं बरेच जण म्हणतात. आम्ही पण आधी तसंच करत होतो. पण रेकॉर्डिंग वाढत गेलं तसा प्रश्न पडायला लागला की हे आहे कुणाचं? माझ्या फोनमध्ये आहे म्हणून माझं होत नाही ना. उद्या कुणी ते उचलून कुठं वापरलं तर ज्या आजीने गायलं तिला कोण विचारणार?

गावात पिठाची गिरणी आली, पहाटेचं दळण थांबलं आणि ओव्या म्हणायची वेळच गेली. आता ज्यांना येतात त्या सगळ्या म्हाताऱ्या. पहिली ओवी देवाची, मग सीतेचा वनवास, विठ्ठल, माहेरचा भाऊ, बाबासाहेब, आणि मधेच नवऱ्याने मारल्याची पण ओवी येते, जी त्या माऊलीने एरवी कुणाजवळ बोललेली नसते. नुसतं खुर्चीवर बसवून "म्हणा" म्हटलं तर आठवत नाही, जातं मांडून खुंटा हातात दिला की एकामागून एक येतात. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकात हे काम सुरू केलं, त्यातून १ लाखाच्या वर ओव्या जमल्या. ते कळल्यावर आम्हाला खरा धीर आला.

बचत गट आमचा होताच, पण तो पैशाच्या बचतीचा, त्यात हे बसेना. म्हणून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली जायचं ठरलं. कमीत कमी ७ सभासद लागतात. आपल्या महाराष्ट्रात सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही धर्मादाय कार्यालयात नोंद होते, म्हणजे सर्टिफिकेटं दोन. कागद म्हणजे विधानपत्र (संस्थेचं नाव, उद्देश लिहिलेला कागद), नियमावली, सगळ्यांची संमतीपत्रं, आधार, जागेच्या मालकाचा ना हरकत दाखला. जास्त त्रास झाला तो नावांचा. बाईच्या आधारवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, बँकेत तिसरंच, मग प्रतिज्ञापत्र करा, परत सही करा. एक काकू सही करताना म्हणाल्या, माझं पूर्ण नाव मी आज पहिल्यांदा एवढ्या वेळा लिहिलं!

पण सगळ्यात वेळ गेला तो उद्देश लिहिण्यात, आणि तो जायलाच पाहिजे होता असं मला मनापासून वाटतं. वकिलांनी दिलेल्या नमुन्यात "सांस्कृतिक वारसा जतन व संवर्धन" एवढंच होतं. आमच्या आक्का बैठकीत सरळ म्हणाल्या, ओव्या जपाल, पण जिच्या तोंडून आल्या तिच्या औषधाला पैसे नाहीत त्याचं काय? त्यावर खूप बोलणं झालं, काहीजणींना वाटत होतं की दोन्ही एकत्र नको, काम पसरेल. शेवटी दोन्ही लिहिलं. ओव्या रेकॉर्ड करणं, लिहून ठेवणं, पोरींना शिकवणं हे एक, आणि गाणाऱ्या बायकांना श्रावणबाळ योजनेचा, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी पेन्शनचा, फॉर्म भरून देणं, ६५ वर्षं पूर्ण असल्याचा पुरावा नसेल तर तो मिळवायला मदत करणं, दवाखान्यात सोबत जाणं हे दुसरं. गाणारीच्या परवानगीशिवाय रेकॉर्डिंग कुणाला द्यायचं नाही हे नियमावलीत घातलं, आणि परवानगी तिला वाचून दाखवून घ्यायची, नुसता अंगठा नाही.

सर्टिफिकेट आल्यावर संस्थेच्या नावाने पॅनकार्ड, मग बँकेत खातं. दरवर्षी हिशोबाचं ऑडिट करावं लागतं, त्यामुळे चहाची पावती पण ठेवा. आणि कार्यकारिणी बदलली तर बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत द्यायचा असतो, तो राहून गेला की नंतर फार जड जातं. कुणी सुरू करत असाल तर आमची नियमावली खुशाल घ्या, उद्देश मात्र तुमच्या गावच्या बायकांना विचारून लिहा.