पौषातलं लॉन आणि एकेचाळीस कुत्री

आमची खारी गावठी आहे. रंग खारी बिस्किटासारखा, म्हणून नाव खारी. २०२१ च्या पावसाळ्यात नाशिकच्या गंगापूर रोडच्या बाजूला एका अर्धवट बांधकामाच्या तळमजल्यावर सापडली, तेव्हा दोन महिन्यांचीही नव्हती आणि मागचा एक पाय सुजलेला होता. घरात ती लोण्यासारखी. पण बाहेर दुसरं कुत्रं दिसलं की पाठीवरचे केस ताठ उभे राहतात, आणि मग तिला आवरताना माझे खांदे निघून येतात. म्हणून तीन वर्षं मी तिला पहाटे पाचला किंवा रात्री साडेदहानंतरच फिरवत होते. आमच्या मागे मळे आहेत, ऊस आहे, हिवाळ्यात बिबट्या दिसल्याची बातमी अधूनमधून येतेच. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात बॅटरी, असं आमचं फिरणं.

त्याच वेळेला रस्त्याच्या पलीकडून एक ताई लॅब्रॅडॉर घेऊन जायच्या. आठ महिने आम्ही एकमेकींना पाहत होतो आणि दिसलो की आपापल्या कडेला सरकत होतो. एके दिवशी त्यांनीच पलीकडून विचारलं, "तुमचीपण भांडते का हो?"

"भांडते. तुमचा?"

"घाबरतो. लहानपणी चार कुत्र्यांनी धरला होता त्याला."

मला इतकं हलकं वाटलं! कुत्री पाळणाऱ्यांच्या मेळाव्याला मी आधी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा दहा मिनिटांत परत फिरले होते. मोठ्याने गाणी, मोकळी सोडलेली कुत्री, "काही नाही करत हो तो, येऊ द्या" असं म्हणणारी माणसं. खारीसारख्यांसाठी तिथे जागाच नव्हती. मग ताई आणि मी ठरवलं की मेळावा आपणच घ्यायचा, आणि तो खारी आणि त्यांच्या लॅबला येता येईल असाच आखायचा. त्या दोघांना जमलं तर बाकीच्यांना जमेलच.

जागेसाठी महिनाभर फिरलो. बागांच्या फाटकावर "पाळीव प्राण्यांना प्रवेश नाही" ही पाटी. एका शाळेचं मैदान मिळता मिळता राहिलं, कारण सोमवारी तिथेच मुलांची कवायत असते. त्यांचं म्हणणं मला पटलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायचं तर लपायला आडोसा नाही. शेवटी तोडगा सुचवला आमच्या भाजीवाल्या मावशींनी. म्हणाल्या, "अहो, पौषात लग्नं नसतात. लॉन्स रिकामीच असतात की सगळी."

गंगापूर रोडला लग्नाची लॉन्स एकाला एक लागून आहेत आणि त्या महिन्यात खरंच तिथे कुणी नसतं. तिसऱ्या लॉनच्या मालकांनी ऐकून घेतलं. हसले, म्हणाले, "कुत्र्यांचं लग्न लावताय काय?" त्यांच्या आई बाजूला खुर्चीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पौषात आपल्याला लग्न नाही, पण पालीला खंडोबा-म्हाळसेचं लग्न पौषातच लागतं. आणि खंडोबाबरोबर कुत्रं असतंच. दे त्यांना." घरचा देव खंडोबा होता, म्हणून आमचं काम झालं. अर्ध्या दिवसाचं भाडं जवळजवळ नाहीच, फक्त हिरवळीसाठी पाच हजार अनामत. तारीख ठरली १९ जानेवारी २०२५, संक्रांतीनंतरचा रविवार.

आमच्या पशुवैद्य डॉक्टरांना घेऊन जागा पाहायला गेलो आणि मला कळलं की मी जागा पाहिलीच नव्हती. मी पाहिली होती हिरवळ. डॉक्टरांनी आधी कुंपण पाहिलं, जनरेटरच्या खोलीमागे वीतभर फट होती. मग थांबले ते कडेच्या झुडपांपाशी. "ही कण्हेर आहे," म्हणाले. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी, पानं चघळली तर कुत्र्याच्या हृदयाचे ठोके बिघडतात. लहानपणापासून देवाला कण्हेर वाहतेय, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. ती सगळी कड आम्ही दोरी बांधून सहा फूट आत घेतली.

गोदामात मंडपाच्या जुन्या कनाती पडल्या होत्या, आणि त्यांनीच खरं तर आमचा मेळावा उभा केला. घाबरणारं किंवा अंगावर जाणारं कुत्रं बहुतेक वेळा नजरेवर बिघडतं. समोरचं दिसलं की सुरू, दिसलं नाही की शांत. म्हणून फाटकापासून आत येताना कनातींची नागमोडी वाट केली, म्हणजे समोरासमोर कुणी येणार नाही. फाटकाच्या आत दहा फुटांवर दुसरं फाटकही कनातीचंच: पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. एका कोपऱ्यात तीन बाजूंनी कनात लावून "निवांत खोली" केली, आत सतरंजी आणि पाण्याचं भांडं.

लसीचा नियम कडक ठेवायचा हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की उपाय जवळजवळ नसतोच, त्यामुळे तिथे तडजोड नाही. वर्षाच्या आतली रेबीजची लस, नाइन-इन-वन (इतर आजारांवरची एकत्रित लस) पूर्ण, लसीच्या कार्डाचा फोटो आधी पाठवायचा. चार महिन्यांखालची पिल्लं नकोत, माजावर (हीटवर) असलेली मादी नको.

निमंत्रण गेलं आणि तिसऱ्या दिवशी एका रिक्षावाल्या दादांचा फोन आला. आवाज अगदी खाली. "मॅडम, आमचं साधं गावठी आहे. चालेल का?"

मी म्हटलं, "माझंही गावठीच आहे."

"आणि त्याला लस नाही दिलेली. कार्ड नाही."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. नियम बरोबर होता, तरी त्याने नेमकी हीच माणसं बाहेर राहणार होती. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पहिल्यांदाच लस देत असलो तर अंगात ताकद यायला चार आठवडे धरायचे, म्हणजे २२ डिसेंबरच्या आत टोचायला हवी. त्यांनी त्या आठवड्यात एक संध्याकाळ ठेवली आणि फक्त लसींची किंमत घेतली. रिक्षावाल्या दादांसकट नऊ जण आले, त्यात एक दूधवाला आणि सातपूरच्या कारखान्यातले दोन वॉचमन होते. निमंत्रण मी नव्याने लिहिलं. पहिलीच ओळ टाकली: "गावठी असो की विदेशी, भित्रं असो की भांडखोर, सगळ्यांचं स्वागत." प्रवेश फुकट ठेवला. एव्हाना मेळाव्यासाठी आम्ही सहा जण झालो होतो, खर्च आम्ही वाटून घेतला.

सहा जणांच्या त्या गटात एका गोष्टीवरून मात्र चांगलीच वादावादी झाली. दोघांना फॅशन शो हवा होता, डीजे हवा होता, जिलेबी रेस हवी होती. त्यांची कळकळ खरी होती, लोकांना मजा यायला हवी म्हणून ते बोलत होते. पण कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी बारीक आणि वरच्या पट्टीतलं ऐकू येतं. दिवाळीत खारी दोन-दोन दिवस पलंगाखालून बाहेर येत नाही. आणि खाण्याची शर्यत म्हणजे भांडणाला आमंत्रण. मी हट्टाला पेटले, हे खरं. शेवटी स्पीकर नाही, खाण्याची शर्यत नाही, कपडे नाहीत यावर एकमत झालं. त्याऐवजी वास हुंगायचा खेळ: प्रत्येक कुत्र्याला वेगळी दोरी आखलेली चौकट, त्यात सुकं गवत आणि जुने टॉवेल, त्यात लपवलेले उकडलेल्या चिकनचे आणि लाल भोपळ्याचे तुकडे. पाच मिनिटं नाकाने शोधलं की कुत्रं छान दमतं आणि शांत होतं. फॅशन शो मागणाऱ्या काकांनीच नंतर त्या चौकटी सांभाळल्या.

नावं आली एकेचाळीस. एकदम एवढी नकोतच, म्हणून दोन पाळ्या केल्या. सव्वासात ते सव्वाआठ ही पहिली पाळी लाजऱ्या आणि रागीट कुत्र्यांची, फक्त अकरा. पावणेनऊ ते दहा बाकीची तीस. ज्यांच्या जवळ जायचं नाही त्यांच्या पट्ट्याला पिवळी फीत. कुत्र्यांची भीती वाटणाऱ्या शेजाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी दोरीपलीकडे खुर्च्या आणि चहा.

शनिवारी संध्याकाळी आम्ही हिरवळ अक्षरशः रांगत तपासली. संक्रांत चारच दिवसांपूर्वी होऊन गेली होती. गवतात अडकलेला मांजा निघाला तो माझ्या दोन मुठी भरून, त्यात नायलॉनचाही होता, ज्यावर बंदी आहे. तो पंजाला गुंडाळला असता तर? शिवाय जुन्या लग्नांतले टूथपिक, टाचण्या, हारांच्या तारा. हे काम आम्ही जवळजवळ वगळणार होतो.

रविवारी धुकं होतं, कडाक्याची थंडी. पहिल्या पाळीत खेळ काही नव्हताच. अकरा कुत्री, प्रत्येकात पंचवीस-तीस फूट अंतर, सगळे एकाच दिशेने हळूहळू चालतोय. समोरासमोर कुणी येत नाही, पुढच्याचा फक्त वास येतो. खारी पहिल्या फेरीत खूप ओढत होती. दुसऱ्या फेरीत भुंकली. चौथ्या फेरीत तिने जमिनीचा वास घेतला, अंग झटकलं आणि चालायला लागली. डॉक्टर लांबून म्हणाले, "झटकलं बघा, ताण सुटतोय." मला धुक्यात नीट दिसेनासं झालं होतं आणि त्याला कारण फक्त धुकं नव्हतं. एक दादा सिन्नरकडून त्यांचा कारवान जातीचा कुत्रा घेऊन आले होते, सडसडीत, लांब पायांचा. तो तासभर निवांत खोलीतच बसून राहिला. दादा म्हणाले, "घराबाहेर इतका वेळ कधीच बसला नव्हता." त्यांच्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

दुसऱ्या पाळीत गर्दी, गप्पा, फोटो, सगळं झालं. तेव्हाच बागलाणकडचे एक शेतकरी भाऊ अर्ली द्राक्षांचं क्रेट घेऊन हजर झाले, बागेतला पहिला माल, सगळ्यांसाठी प्रेमाने आणलेला. आणि त्यातली चार द्राक्षं ते एका बीगलच्या तोंडाशी धरत होते. डॉक्टर धावले. द्राक्षं आणि मनुके कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना निकामी करू शकतात. किती खाल्ली की त्रास होतो याचा नेम नाही, एखाद्याला काहीच होत नाही तर एखाद्याला थोडीही बाधतात. भाऊंचा चेहरा उतरला. "आमचा शेरू बागेतली पडलेली खातो हो." त्यांना मी बाजूला बसवून चहा दिला. आधी सांगायला हवं होतं ते मीच. खाऊबद्दलच्या सूचनेत आम्ही चॉकलेट आणि कांदा लिहिला होता आणि द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून द्राक्षच विसरलो होतो. क्रेट माणसांच्या चहाच्या टेबलावर गेलं आणि दहा मिनिटांत संपलं.

एक भांडणही झालं. कुणीतरी खिशातून रबरी चेंडू काढला आणि दोन मोठी कुत्री त्यावर तुटून पडली. मालक मध्ये हात घालणार एवढ्यात रिक्षावाल्या दादांनी प्लॅस्टिकची खुर्ची उचलून दोघांच्या मध्ये आडवी धरली. सकाळी सूचना देताना डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, की हात कधीही घालायचा नाही, मध्ये वस्तू घालायची. एका कानाला ओरखडा, बाकी काही नाही.

साडेदहाला आम्ही वर्तमानपत्रं आणि पिशव्या घेऊन सगळी हिरवळ पुन्हा फिरलो. मालकांनी अनामत परत दिली. आजींनी खारीच्या कपाळाला भंडारा लावायला हात पुढे केला, मी पिवळी फीत दाखवली, तर त्या थांबल्या, चिमूटभर भंडारा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "तूच लाव, तिला तुझी सवय."

सोमवारी पहाटे पाचला नेहमीसारखे निघालो. पलीकडून ताई लॅब घेऊन येत होत्या. दिसल्यावर त्या थांबल्या, मी थांबले. मग त्यांनी रस्ता ओलांडला आणि आमच्या पुढे तीस फुटांवर, आमच्याच कडेने चालायला लागल्या. खारीने नाक वर केलं, वास घेतला. तेवढंच अंतर मध्ये ठेवून आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो.