तुम्ही विचारलंत म्हणून: एका वेळी किती मूव्ह?

पत्त्यांची जादू शिकायला कुणी नांदेडहून येवो, लातूरहून येवो की धाराशिवहून, प्रश्न तोच असतो. "सर, डबल लिफ्ट, पास, पाम, फॉल्स कट, सगळं एकदाच शिकायलोय, पण एकबी हातात बसंना. एका वेळी किती मूव्ह घ्याव्यात?" (मूव्ह म्हणजे हातचलाखीची एक युक्ती. डबल लिफ्ट म्हणजे दोन पत्ते एकच असल्यासारखे उलटणं, पास म्हणजे कॅटचा वरचा आणि खालचा भाग नकळत बदलणं, पाम म्हणजे पत्ता तळहातात लपवणं, फॉल्स कट म्हणजे कॅट कापल्याचं नुसतं नाटक.) मी आकडा सांगत नाही, म्हणून काहींना वाटतं मी विद्या लपवतो. परवा एकानं ते तोंडावर म्हटलं. ते लागलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आकडा मीही द्यायचो. महिन्याला एक मूव्ह, ती पक्की झाली की पुढची. कित्येकांना हेच सांगितलं आणि स्वतः तसंच केलं. त्यात काय चुकत होतं, ते परभणीत एका गणेश मंडळापुढं दिसलं.

प्रेक्षकानं पत्ता निवडून मधे ठेवायचा, पासनं तो वर आणायचा आणि लगेच डबल लिफ्ट करून दुसराच पत्ता दाखवायचा, एवढाच प्रयोग होता. पासमध्ये करंगळी कॅटच्या वरच्या भागाखाली असते आणि डाव्या हाताची बाकीची तीन बोटं त्याच्यावर. उजवा हात वरून येऊन खालचा भाग दोन्ही टोकांना धरतो, अंगठा आतल्या टोकाला, मधलं बोट बाहेरच्या. डावी बोटं वरचा भाग बाजूनं काढून खाली नेतात. अदलाबदल झाली तरी ती तीन बोटं दोन भागांच्या मधे अडकलेली असतात, ती निघायला आणखी क्षणभर लागतो. सरावात मी तो क्षण धरलाच नव्हता. पास झाला की थांबायचं, कॅट ठोकून सरळ करायचा, पुन्हा पहिल्यापासून. डबल लिफ्टचा सराव वेगळ्या महिन्यात केलेला, तोही नीट चौकोनी कॅटवर. आरशात दोन्ही निर्दोष दिसायच्या.

मंडळापुढं त्या एकापाठोपाठ आल्या. अनामिका निघायला उशीर झाला, वरचा भाग दोनेक मिलिमीटर तिरका राहिला. उजव्या हातानं कड धरायला यायला हवं होतं, पण तो पासच्याच पकडीत, टोकांवर अडकलेला. त्याच पकडीत मी दोन पत्ते उलटे केले. टोकांवर दाब पडला की पत्ते कमानीसारखे वाकतात, आणि दाब सुटताना दोन्ही सारखे परतत नाहीत. एकाची कड तीन मिलिमीटर बाहेर आली. पुढं बसलेला पोरगा ओरडला, "दोन हायेत!" पुढची वीस मिनिटं लोक माझ्या बोटांकडंच बघत होते. जे प्रयोग स्वच्छ झाले त्यांनाही कुणी दाद दिली नाही.

घाबरलो म्हणून तसं झालं, असं मी पुढं दोन वर्षं धरून चाललो. मग घरी मोबाइल लावून दोन्ही मूव्ह सलग वीस वेळा केल्या. नऊ वेळा तीच कड बाहेर आली. समोर कुणी नव्हतं, भीती कसली? दोन मूव्हमधला सांधा मी कधी केलाच नव्हता.

म्हणून आता मी किती मूव्ह हे विचारत नाही, कुठलं बोट दोघींना लागतं ते विचारतो. सेकंड डील (वरचा पत्ता राखून दुसरा वाटणं) आणि बॉटम डील (तळाचा पत्ता वाटणं) सोबत घेऊ नका. दोन्हीत डावा अंगठा वरचा पत्ता पुढं ढकलतो आणि मागं ओढतो. फरक आहे तो खालच्या बोटांत. अंगठ्याची सवय सारखीच असल्यानं हात गोंधळतो आणि दोन्ही कच्च्या राहतात. पाम आणि पासचंही तसंच, दोघींना उजव्या हाताचं झाकण लागतं, पण पाममध्ये उजवी करंगळी बाहेरच्या कोपऱ्यावर दाब देते, तर पासमध्ये ती मोकळी हवी. याउलट, पिसण्यातला कंट्रोल (पिसताना निवडलेला पत्ता नकळत वर आणणं) आणि डबल लिफ्ट एकमेकींच्या आड येत नाहीत. त्या पहिल्याच आठवड्यात सोबत घ्या.

पिसण्याबद्दल एक सांगतो. आपल्याकडं रमीला बसलेले लोक पत्ते लांब कडेनं धरून वरून खेचत पिसतात. जादूगारांच्या भाषेत हाच हिंदू शफल. परदेशी व्हिडिओ बघून पोरं पहिल्यांदा ओव्हरहँड ही पिसण्याची तिकडची पद्धत शिकतात आणि घरच्यांना ते लगेच वेगळं दिसतं. आपल्याच पिसण्यातला कंट्रोल घ्या. निवडलेला पत्ता डाव्या हातातल्या ढिगावर ठेवून घ्या. उजव्या हातातला कॅट त्यावर नेताना अंगठा आणि मधल्या बोटानं ढिगावरचे पाच-सहा पत्ते मधे फट ठेवून उचला. वरून खेचत राहा, फटीपर्यंत आलात की उरलेले एकदम वर टाका. पत्ता वर आला. इथं चूक होते ती फट आतल्या टोकाला फार मोठी ठेवल्यानं. दाण्याएवढी पुरते.

आता वेळ. 45 मिनिटं असतील तर पहिली 20 दोन मूव्हना, सावकाश, प्रत्येकी पंधरा वेळा. उरलेली 25 सांध्याला: पिसणं, लगेच करंगळीचा ब्रेक (करंगळीनं पत्त्यांत धरलेली फट), लगेच डबल लिफ्ट, मधे कॅट न ठोकता. मोबाइल तीन फुटांवर, प्रेक्षकाच्या डोळ्याच्या उंचीला. आरशात तुम्ही नेमके त्या क्षणी पापणी लववता आणि चूक दिसत नाही.

63 मिलिमीटर रुंदीचे कागदी पत्ते घ्या. 57 मिलिमीटरच्या अरुंद कॅटवर बसलेला पाम रुंद कॅटवर उघडा पडतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की उघडा टाकलेला कॅट दोन दिवसांत वाकतो, आणि वाकलेल्या कॅटवर डबल लिफ्ट सरकते. डब्यात घालून जड पुस्तकाखाली ठेवा. डबल लिफ्ट बिघडली म्हणून मला फोन करण्याआधी कॅट टेबलावर ठेवून डोळा कडेशी न्या.

1979 मध्ये शी आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या तीन हालचाली काहींना एकेक करून आणि काहींना मिसळून शिकवल्या. शिकताना मिसळणारे मागं होते, पण दहा दिवसांनंतर तेच पुढं निघाले. हे वाचून माझा जुना सल्ला मला टोचतो. तरी त्यांच्या हालचाली लाकडी अडथळे पाडण्याच्या होत्या, पत्त्याच्या फटीतून बोट काढण्याच्या नव्हत्या. पासची मूळ पकड बसायच्या आधी मिसळलं तर चुकीची पकडच पक्की होते, हेही मी शिकणाऱ्यांच्या हातात पाहिलंय. म्हणजे महिन्याला एक म्हणणारा मी पासपुरता तरी बरोबर होतो का? वर्षभर दोन्ही बाजूंनी करून पाहतोय. सध्या पास एकटा तीन आठवडे, चौथ्या आठवड्यापासून डबल लिफ्टला जोडून. अनामिका अजूनही वीसात दोनदा उशिरा निघते.