एक लांब सूर आणि श्रवणयंत्र

मी मुंबईत ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून श्रवणयंत्रे बसवून देणारी तज्ज्ञ, म्हणून काम करते. आमच्याकडे येणारी बहुतेक वयस्कर माणसे घरच्यांनी आणलेली असतात आणि त्यांची तक्रारही ठरलेली असते : ऐकू येते, पण बोललेले कळत नाही. गेल्या हिवाळ्यात शिलाँगच्या एका जुन्या ब्लूज बँडचे चार वादक आले ते मात्र आपणहून. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपार मोकळी होती म्हणून. चौघेही साठीच्या पुढचे. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील गाळून हे लिहीत आहे, कारण त्यांच्यापैकी एकाच्या बाबतीत मी जे केले त्याचा विचार अजून संपलेला नाही.

शिलाँगमध्ये गिटार आणि पाश्चात्त्य गाणे ही काही मोजक्या हौशी लोकांची गोष्ट नाही. गायक लू माजॉ तेथे १९७२ पासून अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलन यांचा २४ मेचा वाढदिवस गाऊन साजरा करीत आले आहेत. २००३ मध्ये सुरू झालेला ‘सोलमेट’ हा तिथलाच ब्लूज बँड २००७ मध्ये मेम्फिसच्या आंतरराष्ट्रीय ब्लूज स्पर्धेत उतरला होता. ही नावे आपल्यापर्यंत पोचली. माझ्यासमोर बसलेल्या चौघांची नावे फारशी कोणाला ठाऊक नाहीत, पण त्यांचीही चाळीस वर्षे याच संगीतात गेली आहेत. गिटारवादक सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, ड्रमवादक शाळेत शिक्षक होते, आणि माउथ ऑर्गन वाजवून गाणारे गृहस्थ तरुणपणी कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील रेस्टॉरंटांत रात्र-रात्र वाजवून परत गावी आलेले. अर्जित रजा कार्यक्रमांसाठी राखून ठेवायची आणि घरच्या आजारपणात बिनपगारी घ्यायची, असा या मंडळींचा हिशेब होता. कलेवरच्या निष्ठेविषयी आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. अशा रजेच्या अर्जांकडे कोणी पाहत नाही.

चौघांच्या चाचण्या झाल्यावर मी आलेख टेबलावर शेजारी-शेजारी मांडले. कोणत्या उंचीचा सूर किती ऐकू येतो, हे त्यांत दिसते; रेषा जितकी खाली तितके ऐकू कमी. उजवा कान लाल गोलाने आणि डावा निळ्या फुलीने दाखवतात. गोंगाटाने झालेली इजा आलेखावर लगेच ओळखू येते : ४००० हर्ट्झच्या आसपास रेषा खाली जाते आणि ८००० ला पुन्हा थोडी वर येते. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात ती शेवटी अशी वर येत नाही. ड्रमवादकाचा डावा कान जास्त गेलेला होता. हाय-हॅटच्या झांजा त्याच बाजूला असतात. त्याच्या डावीकडे पुढे उभ्या राहणाऱ्या गिटारवादकाचा उजवा कान अधू होता, कारण ड्रम त्याच्या उजव्या खांद्यामागे वाजत होते. गायकाचे दोन्ही कान सारखेच; स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून पायाशी ठेवलेला मॉनिटर स्पीकर दोन्ही कानांवर सारखाच आदळतो. ते आलेख पाहताना सारा मंच माझ्या टेबलावर उभा राहिला.

फक्त बेसवादकाचा आलेख जुळेना. ते ड्रमच्या उजवीकडे उभे राहतात, म्हणजे डावा कान जास्त बिघडलेला असायला हवा होता. प्रत्यक्षात उजवा बिघडलेला होता. हेडफोन उलटे लागले असतील म्हणून मी पुन्हा तपासले, तरी तेच. विचारल्यावर कळले की पहिली वीस-एक वर्षे ते दुसऱ्या बँडमध्ये होते आणि तिथे त्यांची जागा ड्रमच्या डावीकडे होती. ते स्वतः ही गोष्ट विसरून गेले होते. त्यांच्या कानात मात्र ती नोंदलेली होती. कारखान्यांतील कामगारांसाठीच्या कायद्यात गोंगाटामुळे येणारे बहिरेपण हे कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांत आहे. मंचावरच्या माणसाची तशी दखल कोणी घेत नाही, आणि आयोजकांना तर आवाज कधी पुरेसा वाटतच नाही.

आता मुख्य गोष्ट. माउथ ऑर्गन वाजवणाऱ्या गृहस्थांकडे वर्षभरापूर्वी घेतलेली महागडी श्रवणयंत्रे होती. या दौऱ्यानंतर वाजवणे थांबवायचे, असे त्यांनी ठरवले होते. वरच्या पट्टीत लांब सूर धरला की तो थरथरतो, म्हणजे दम संपला, असे त्यांचे म्हणणे होते. सूर अगदी स्थिर आहे, असे बाकीचे तिघे त्यांना सांगत आले होते. पण जुने मित्र मन राखण्यासाठी खोटे बोलत आहेत, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली होती.

मी त्यांचे यंत्र काढून स्टेथोक्लिपला लावले. ही स्टेथोस्कोपसारखी नळी असते. तिच्यातून यंत्राचा आवाज आपल्याला थेट ऐकता येतो. त्यांना वाजवायला सांगितले. नळी कानात नसताना सूर सरळ होता. नळी लावल्यावर तोच सूर दोन-तीन सेकंदांत डळमळू लागला आणि त्यामागे आणखी एक बारीक सूर उमटला. श्रवणयंत्रात शिट्टी वाजू नये म्हणून एक यंत्रणा सतत चालू असते. एकाच उंचीचा लांब आवाज आला की ती त्याला शिट्टी समजते आणि त्याच्या उलट आवाज सोडून तो पुसायचा प्रयत्न करते. बोलण्यात असे लांब सूर नसतात, म्हणून तिथे हे चालून जाते. मी नळी गिटारवादकाच्या हातात दिली. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, “वर्षभर तू हे ऐकत होतास?”

ज्यांनी ती यंत्रे विकली त्यांनी आलेख संगणकात भरून कंपनीची तयार मांडणी जशीच्या तशी उतरवली होती. आमच्या व्यवसायात हे सर्रास चालते आणि मला त्याचा राग येतो. ‘तुम्ही काय करता?’ एवढे विचारले असते तरी एक वर्ष वाचले असते.

मी संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम केला. त्यात शिट्टी रोखणारी यंत्रणा आणि गोंगाट कमी करणारी यंत्रणा दोन्ही बंद केल्या, मोठ्या आवाजाला दाबून टाकणारे प्रमाण उतरवले, माइक सर्व दिशांना खुला ठेवला आणि जास्तीत जास्त आवाजाची मर्यादा खाली आणली. शिट्टी येऊ नये म्हणून कानात घट्ट बसणारा साचा घ्यायला सांगितले. तोवर आवाज थोडा कमीच ठेवला. फार मोठा आवाज यंत्रात शिरतानाच फाटू लागतो; माइकवर सेलोटेपचा तुकडा चिकटवला की आत जाणारा आवाज उतरतो. उपाय साधा आहे, पण उपयोगी पडतो. त्यांनी पुन्हा तोच सूर धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्यक्रमात वाजवले आणि थांबण्याचा विचार त्यांनी सोडून दिला.

माझा प्रश्न इथेच सुरू होतो. ८५ डेसिबलमध्ये आठ तास राहण्याची मुभा धरली, तर दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे उरतात. अंतर्कर्णातील, आवाज टिपणाऱ्या केशपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. चुकीच्या समजुतीने का होईना, ते वाजवणे थांबवणार होते आणि त्यामुळे उरलेला कान वाचला असता. ते कारण मी दूर केले. मी त्यांना हे सारे स्पष्ट सांगितले. अँप्लिफायर जमिनीवर ठेवला की त्याचा रोख गुडघ्यांकडे जातो, म्हणून वादक तो वाढवत नेतो. तो खुर्चीवर तिरका ठेवा, असे गिटारवादकाला सांगितले, आणि चौघांनाही १५ डेसिबलचे, सर्व सूर सारखेच उतरवणारे वादकांचे इअरप्लग सुचवले. ड्रमवादकाने ते घेतले. माउथ ऑर्गनवाल्यांनी नम्रपणे नकार दिला. कान राखून वाजवणे सोडण्यापेक्षा वाजवत कान गमावणे त्यांना पटते, असे ते म्हणाले. निवड त्यांची आहे हे मला मान्य आहे. पण शेवटचा कार्यक्रम ठरवून आलेल्या माणसाला मी परत मंचावर धाडले, हेही खरे आहे.

सहा महिन्यांनी गुवाहाटीच्या एका सहकाऱ्याने माउथ ऑर्गनवाल्यांची चाचणी करून आलेख पाठवला. यंत्रातील नोंदीनुसार संगीताचा प्रोग्रॅम दिवसाला सरासरी दोन तास चालतो. डाव्या कानात ४००० हर्ट्झला ५ डेसिबलची घट दिसते. एवढा फरक तोच कान दुसऱ्या दिवशी तपासला तरी येऊ शकतो, त्यामुळे ती घट खरी की चाचणीतली, हे या एका आलेखावरून सांगता येत नाही. पुढची चाचणी आणखी सहा महिन्यांनी करायची ठरली आहे.