तुम्ही विचारलंत म्हणून: वेल्वेटसारखं अजून कोण वाजवतं?

डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजन सामन्याला, जाताना टेम्पोत मागे मी आणि मंडळातली पोरं बसलेली असतो, माझ्या फोनवर वेल्वेट अंडरग्राउंड चालू असतो आणि एक इअरफोन कायम दुसऱ्या कुणाच्या तरी कानात गेलेला असतो. असं करता करता देवगडपासून कणकवलीपर्यंतच्या ओळखीतल्या पाच-सहा जणांना हा बँड लागलाय, दोघांनी तर गिटारही घेतली. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, काका, हे भारी आहे, आता ह्यांच्यासारखं वाजवणारं अजून कोण ते सांगा. टेम्पोच्या आवाजात मी दोन-तीन नावं ओरडून सांगतो आणि घरी आल्यावर रुखरुख लागते की घाईत भलतीच नावं सांगितली. तुम्ही परत परत विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

ज्यांच्या कानात अजून इअरफोन गेलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूयॉर्कचा बँड, १९६५ च्या सुमारास जमलेला. लू रीड गाणी लिहायचा, गायचा, गिटार वाजवायचा, वेल्सहून आलेला जॉन केल व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा मोठा, जाड आवाजाचा भाऊ, वाजवायचा, स्टर्लिंग मॉरिसन दुसऱ्या गिटारवर आणि मो टकर नावाची मुलगी ड्रमवर. चित्रकार अँडी वॉरहॉल त्यांचा मॅनेजर झाला, निको ही जर्मन गायिका त्यानेच आणून जोडली, आणि मार्च १९६७ मध्ये कव्हरवर केळं असलेली ती पहिली रेकॉर्ड आली. बिलबोर्ड ह्या अमेरिकन मासिकाच्या खपाच्या यादीत ती त्या वेळी १७१ नंबरपर्यंतच पोचली. १९७० च्या ऑगस्टमध्ये लू रीड बँड सोडून आईवडिलांच्या घरी परत गेला आणि वडिलांच्या ऑफिसात टायपिंग करायला लागला. म्हणजे तेव्हाचा हिशोब मांडला तर सगळं फसलेलंच.

ब्रायन ईनो ह्या इंग्लिश संगीतकाराने १९८२ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं होतं की पहिल्या पाच वर्षांत त्या रेकॉर्डच्या ३०,००० प्रती खपल्या असं लू रीड म्हणतो, पण मला वाटतं त्या घेणाऱ्या प्रत्येकाने बँड काढला. हे इतक्या वेळा छापून आलंय की वेल्वेटबद्दल लिहिणारे तिथेच थांबतात. मला पुढचं विचारावंसं वाटतं, त्या सगळ्यांनी ती रेकॉर्ड घरी नेऊन तिच्यातलं नक्की काय उचललं?

बहुतेकांनी दिसतं ते उचललं. काळा गॉगल, काळे कपडे, कंटाळल्यासारखा आवाज आणि गिटार अँपसमोर धरून काढलेली ती शिट्टी, फीडबॅक. मीही तेच उचललं होतं. २००३ साली मुंबईत हॉस्टेलला असताना बोरिवलीच्या आतेभावाने मला ती रेकॉर्ड सीडीवर कॉपी करून दिली आणि दोन महिन्यांत आम्ही चौघांनी बँड काढला. गॅदरिंगला दोन गाणी वाजवली. फीडबॅक अगदी सीडीसारखा आला होता, त्यावर मी रात्ररात्र खर्च केली होती, पण गाणं काही केल्या उभं राहिलं नाही. आमचा ड्रमर चांगला होता, हात चपळ, प्रत्येक ओळीच्या शेवटी रोल मारायचा, वर सिम्बलचा पाऊस, आणि आम्ही आवाज जेवढा वाढवू तेवढं सगळं विस्कटत जायचं. कारण काही केल्या समजेना. पुढे बँड मोडला, शिक्षण संपलं, मी गावी आलो.

गावात भजन मंडळात गेलो तर गळा नाही म्हणून हातात झांज दिली. पहिल्या सामन्यात गजर चढला तसा मीही चढलो, मधेमधे काहीतरी वेगळं वाजवायला गेलो, आणि उतरल्यावर बुवांनी बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "तू थांबलंस तर मी पडतलंय." रागावले नव्हते ते, कळवळून सांगत होते. बुवा वर कितीही हरकती घेतात, कोरस कुठल्या कुठे जातो, पखवाज उठाण घेतो, आणि ह्या सगळ्यांना परत यायला एक जागा लागते. ती जागा झांजेची. पुढची दोन वर्षं मी फक्त तेवढंच शिकलो.

त्यानंतर एका रात्री परत ती रेकॉर्ड लावली आणि पहिल्यांदा मो टकर ऐकू आली. एवढी वर्षं मी तिच्यावरचा आवाज ऐकत होतो. ती उभी राहून वाजवायची, बास ड्रम आडवा पाडून, मॅलेटने, म्हणजे गोळ्याच्या काठीने, सिम्बल जवळजवळ नाहीच. रॉक अँड रोलवाला बो डिडली आणि नायजेरियाचा ढोलवादक बाबातुंडे ओलाटुंजी हे तिचे आवडते. रोल नाही, सजावट नाही, धडधड धडधड, शिमग्यात पालखीपुढे ढोल चालतो तसं. एकदा तिचे ड्रम चोरीला गेले तेव्हा तिने कचऱ्याचे डबे आणून त्यावर कार्यक्रम केला, आणि ते चाललं सुद्धा, कारण तिला लागणारी गोष्ट ड्रममध्ये नव्हतीच, तिच्या हातात होती.

त्या पहिल्या रेकॉर्डवर 'हेरॉइन' नावाचं एक लांबलचक गाणं आहे, संथ सुरू होतं, मग वेग घेतं, परत संथ होतं, आणि शेवटाकडे केलचा व्हायोला अक्षरशः किंचाळायला लागतो. त्या गोंधळात ड्रम मधेच बंद पडतो. मो टकरने नंतर सांगितलंय की आवाज इतका वाढला की तिला बाकीच्यांचं काही ऐकूच येईना, तिला वाटलं हे आता थांबतील, म्हणून ती थांबली, पण ते थांबले नाहीत, मग तिने परत धरलं. तीच टेक रेकॉर्डवर ठेवली. तुम्ही तेवढा तुकडा हेडफोनवर ऐका, ड्रम गेल्यावर पायाखालची फळी सरकल्यासारखं होतं. बुवांचं वाक्य मला तिथे समजलं. १९७० च्या चौथ्या रेकॉर्डवर गरोदरपणामुळे मो टकर नाहीये, गाणी सुंदर आहेत, काही तर फारच, पण ती फळी नाहीये आणि ते मला प्रत्येक वेळी जाणवतं.

दुसरी गोष्ट म्हणजे धरलेला सूर. जॉन केल न्यूयॉर्कला आल्यावर ला माँट यंग नावाच्या संगीतकाराबरोबर वाजवायचा. हे लोक एकच सूर तासन् तास धरून बसायचे. यंगला हा नाद लागला त्यामागे लहानपणी लाकडी घरात ऐकलेला वारा होता, विजेच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण होती, आणि अली अकबर खाँसाहेबांच्या रेकॉर्डमागचा तानपुरा होता. पुढे १९७० पासून तर यंग किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्यच झाला, त्याच किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब आपल्या मिरजेत राहिले आणि मिरजेचे तानपुरे कुठे जातात ते सांगायला नको. केलने व्हायोलाची घोडी घासून सपाट केली, तीन तारा एकदम वाजाव्यात म्हणून, आणि वर गिटारच्या तारा चढवल्या. आमच्या आईला हे काही माहीत नव्हतं. जोराचं गाणं लागलं की ती स्वयंपाकघरातून विचारायची, "तुजो स्पीकर बिघडलो काय रे?" पण एक दिवस व्हायोलाचं संथ गाणं चालू होतं तेव्हा दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मागे तंबोरो कोण धरता?" मी इतकी वर्षं वाचून जे शिकलो ते तिने एका खेपेत ओळखलं.

आता तुमचा प्रश्न. आधी एक सांगतो, नक्कल करणं वाईट असं मला वाटत नाही. आपल्याकडे नवीन बुवा पाच-सात वर्षं कुठल्यातरी मोठ्या बुवांच्या आवाजातच गातो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. लू रीड स्वतः पिकविक नावाच्या कंपनीत पगारावर होता, चालणाऱ्या गाण्यांसारखी गाणी पाडायची, स्वस्त रेकॉर्डवर विकायची, हेच काम. १९६४ मध्ये तिथेच त्याने एका नाचाच्या गाण्यासाठी गिटारच्या सगळ्या तारा एकाच सुरात लावल्या, आणि ते गाणं वाजवायला जॉन केलला बोलावलं तेव्हा केल चाट पडला, कारण यंगकडे ते लोक तेच करत होते. नकलेच्या कारखान्यात ह्या बँडची गाठ पडली. त्यामुळे प्रश्न एवढाच की नक्कल कशाची करता.

स्कॉटलंडचा जीझस अँड मेरी चेन. १९८५ ची त्यांची पहिली रेकॉर्ड आवाजाने भरलेली आहे, गॉगल आणि काळे कपडे सगळं आहे, आणि लोक म्हणतात नुसती कॉपी. मला नाही पटत. त्यांचा ड्रमर बॉबी गिलेस्पी उभा राहून दोनच ड्रम वाजवायचा, म्हणजे फळी कुठे आहे ते ह्यांना माहीत होतं, म्हणून वरचा गोंगाट टिकला. त्यांची कॉपी करणारे पुढे आले, त्यांनी फक्त गोंगाट घेतला, ती नावं मी देत नाही. खुद्द वेल्वेटच्या नावानेही १९७३ मध्ये एक रेकॉर्ड निघाली, जुन्यांपैकी त्यात फक्त डग यूल, केलनंतर आलेला. नाव खरं, पण आत फळी नाही आणि तंबोराही नाही.

बोस्टनचा जोनाथन रिचमन. हा शाळकरी पोरगा बोस्टनमधल्या वेल्वेटच्या कार्यक्रमांना कायम हजर असायचा, पुढे न्यूयॉर्कला गेला तेव्हा त्यांच्या वॉरहॉलनंतरच्या मॅनेजरच्या सोफ्यावर झोपला. त्याच्या मॉडर्न लव्हर्स बँडची सुरुवातीची गाणी १९७२ मध्ये जॉन केलनेच रेकॉर्ड केली. त्यातलं गाडी चालवण्याचं गाणं वेल्वेटच्याच एका सतरा मिनिटांच्या गाण्यातल्या वळणावर आहे, पण तो गातो हायवेबद्दल, सुपरमार्केटबद्दल, रात्री रेडिओ लावून गाडी चालवताना किती छान वाटतं त्याबद्दल. वेल्वेटमधला अंधार त्याने घेतला नाही, ठेका घेतला.

आणि माझ्या मते सगळ्यात मोठे वारसदार प्रागचे, म्हणजे तेव्हाच्या चेकोस्लोवाकियाच्या राजधानीतले. १९६८ च्या ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे शिरले आणि त्यानंतर महिन्याभरात प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स हा बँड सुरू झाला. आधी वेल्वेटची गाणी इंग्रजीतच वाजवायचे, म्हणजे शुद्ध नक्कल. मग सरकारने परवाना काढून घेतला आणि हे लोक इगॉन बाँडी ह्या बंदी घातलेल्या कवीच्या कविता चेक भाषेत गायला लागले. व्हायोला होताच, सॅक्सोफोन आला, ऐकाल तर न्यूयॉर्क आठवणार नाही, एखाद्या मिरवणुकीमागून जड पावलांनी चालल्यासारखं वाटेल. पण तो धरलेला सूर आहे आणि तो न थांबणारा ठेका आहे. चोरून, गावाकडच्या घरांमध्ये वाजवायचे. १९७६ मध्ये पकडले गेले, खटला चालला, काहींना तुरुंगात टाकलं, आणि त्या खटल्यातून जानेवारी १९७७ मध्ये चार्टर ७७ हे मानवी हक्क मागणारं जाहीर पत्र निघालं. त्यात पुढे असलेला नाटककार वात्स्लाव हावेल १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. हावेलने १९६८ मध्ये न्यूयॉर्कहून येताना वेल्वेटची रेकॉर्ड आणली होती, आणि १९९० मध्ये लू रीड त्याची मुलाखत घ्यायला प्रागला गेला होता. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

एक शेवटचं, विजयदुर्गच्या पोरासाठी, ज्याचे वडील बंदरात टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, आहेत. स्टर्लिंग मॉरिसन बँड सोडल्यावर टेक्सासला गेला, मध्ययुगीन साहित्यात डॉक्टरेट केली, आणि ह्यूस्टनला टगबोटीवर खलाशी म्हणून लागला, पुढे टगचा कॅप्टन झाला. त्याच्यावरून १९८८ मध्ये गॅलक्सी ५०० नावाच्या तिघांच्या बँडने 'टगबोट' नावाचं एक गाणं केलं, हळू, दोन-तीन कॉर्डचं, मागे तोच साधा ठेका. तुझ्या बाबांना ऐकव ते.

तर प्लास्टिक पीपल, मॉडर्न लव्हर्स, गॅलक्सी ५००, ह्या क्रमाने ऐका. आणि ज्या दोघांनी गिटार घेतली त्यांनी गुरुवारी साडेआठला देवळात सरावाला या, पखवाजाच्या बाजूला बसा, आणि गजर संपेपर्यंत एकच तार वाजवत राहा. अँपसाठी एक्स्टेन्शन बोर्ड मी आणतो, बुवांना विचारून ठेवलंय.