ताफ्यातून सेन्नालांदे: उत्तर नॉर्वेतल्या हिवाळी वादळात गाडी काढण्याचा माझा अनुभव

आल्ता ते हामरफेस्ट या उत्तर नॉर्वेतल्या दोन गावांमधलं अंतर साधारण 140 किलोमीटर. रस्ता चांगला असेल तर दोन तासांत माणूस पोचतो. जानेवारीत त्यालाच पाच तासही लागतात, आणि त्यातले बरेचसे वादळात रस्ता अडवणाऱ्या बंद फाटकासमोर बसण्यात जातात. आल्ता आणि हामरफेस्टच्या वाटेवरचं स्काइदी यांच्या मध्ये ई-6 महामार्ग सेन्नालांदे नावाच्या उघड्या पठारावरून जातो. तिथे वाऱ्याला अडवायला ना झाड, ना घर. वादळात हा टप्पा एक तर पूर्ण बंद असतो, नाहीतर ताफ्यातून ओलांडावा लागतो. पुढे बर्फ ढकलणारा ट्रक आणि त्याच्या मागे रांगेत बाकीच्या गाड्या, याला इथे ‘कोलोन्ने’ म्हणतात. उत्तरेचा प्रकाश (ऑरोरा) बघायला भाड्याची गाडी घेऊन येणारे आपले लोक हमखास विचारतात, ‘ताफा आहे म्हणजे सुरक्षितच ना?’ ताफा सुरक्षित असतो तो तयारीने आलेल्यांसाठी. फाटकापर्यंत तुमच्या हातात सगळं असतं. फाटक ओलांडल्यावर मागे फिरता येत नाही.

तयारी सुरू होते आदल्या संध्याकाळी, अंदाज वाचण्यापासून. नॉर्वेची हवामान संस्था इशारे पिवळा, केशरी आणि लाल अशा तीन रंगांत देते. सगळ्यात मोठ्या वादळांना नावही मिळतं. 31 जानेवारी 2024 ला किनाऱ्यावर आलेलं इंगुन्न हे 1992 च्या नववर्ष वादळानंतरचं सगळ्यात जोरदार मानलं गेलं. पण सेन्नालांदे बंद व्हायला इंगुन्न लागत नाही. साध्या पिवळ्या इशाऱ्यातही ते बंद पडतं, म्हणून मी रंगापेक्षा तीन गोष्टी बघतो: वाऱ्याचा वेग, वाऱ्याची दिशा आणि खाली पडलेला बर्फ कसला आहे.

वेग इथे मीटर प्रति सेकंदात सांगतात. ताशी किलोमीटर हवे असतील तर 3.6 ने गुणायचं, म्हणजे 20 मीटर झाले 72 किलोमीटर. 20.8 पासून वादळ धरतात आणि 32.7 च्या पुढे हरिकेन. अंदाजातला मोठा आकडा सरासरी वाऱ्याचा असतो. मधेच येणारे वाऱ्याचे झोत त्याहून बरेच जास्त असतात आणि ते वेगळे दाखवलेले असतात. गाडी ढकलतो तो झोत, त्यामुळे तो आकडा आधी बघायचा.

दिशेचं गणित सोपं आहे. या टप्प्यात रस्ता नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जातो, तेव्हा वायव्येचा किंवा आग्नेयेचा वारा त्यावर आडवा येतो. आडवा वारा पठारावरचा सैल बर्फ उचलून रस्त्यावर आणून टाकतो. आकाशातून एक कणही पडत नसताना समोरचं काही दिसेनासं होतं ते यामुळे. बर्फ कोरडा आणि भुरभुरीत असेल तर आठ-दहा मीटरचा वाराही तो जमिनीलगत पळवतो. तोच बर्फ आधी वितळून वर कवच धरलेला असेल, तर पंधरा मीटरलाही रस्ता स्वच्छ राहतो. म्हणून मागच्या दोन दिवसांचं तापमान बघायचं. शून्याच्या वर जाऊन आलं असेल तर कवच धरलेलं असण्याची शक्यता जास्त. सतत उणे दहा असेल आणि काल ताजा बर्फ पडला असेल, तर मी निघणं दुसऱ्या दिवसावर ढकलतो.

एक प्रकार मात्र अंदाजालाही चकवतो, तो म्हणजे ध्रुवीय न्यूनदाब. उबदार सागरी प्रवाहामुळे इथला समुद्र हिवाळ्यातही गोठत नाही. गोठलेल्या आर्क्टिक समुद्रावरची थंड हवा या पाण्यावर येते, खालून तापते, वर उसळते आणि काही शे किलोमीटरचं छोटंसं वादळ तयार होतं. ते एक-दीड दिवसात संपतं. किनाऱ्यावर आलं की शांत हवेतून दाट बर्फ आणि वादळी वारा यायला काही मिनिटं पुरतात. संस्थेच्या इशाऱ्यात हे शब्द दिसले की त्या दिवशीच्या ताशी अंदाजावर मी भरवसा ठेवत नाही.

गाडीचं काम रात्रीच उरकतो. खिळ्यांचे टायर उत्तरेकडच्या नूरलांद, ट्रोम्स आणि फिनमार्क या प्रांतांत 16 ऑक्टोबर ते 30 एप्रिल चालतात. हिवाळी टायरची नक्षी कायद्याने किमान 3 मिलिमीटर खोल लागते, माझ्या मते चारच्या खाली काम नाही. काच धुण्याचं पाणी उणे तीसपर्यंत न गोठणारं भरायचं. दुकानातलं स्वस्त तयार पाणी बऱ्याचदा एवढी थंडी सोसत नाही, आणि ऐन वेळी नळीत गोठतं. पेट्रोल-डिझेलची टाकी पूर्ण भरायची. डिझेल दक्षिणेत भरून आणलं असेल तर इथलं हिवाळी डिझेल त्यात लवकर मिसळायचं, नाहीतर थंडीत डिझेल मेणासारखं घट्ट होऊन फिल्टर बंद पडतो.

विजेच्या गाडीबद्दल उगाच भीती पसरली आहे. उभ्या गाडीत केबिन गरम ठेवायला साधारण एक ते दोन किलोवॉट लागतात. 60 किलोवॉट-तासांची बॅटरी अर्धी भरलेली असली, तरी दोन किलोवॉटने पंधरा तास निघतात. खरी अडचण पल्ल्याची आहे. थंडीत तो पाव ते तिसऱ्या हिश्शाने सहज घटतो, म्हणून आल्ताहून पूर्ण चार्ज करूनच निघायचं.

गाडीत फावडं, ओढायचा दोर, विजेरी, परावर्तक जाकीट, चहाचा थर्मास आणि प्रत्येकाला एक जाड ब्लँकेट. अंगाला लागून लोकर हवी. सुती बनियन घामाने ओलं झालं की ओलंच राहतं. उणे 10 तापमान आणि 15 मीटरचा वारा म्हणजे उघड्या कातडीला उणे 22 सारखं लागतं. जाकिटं डिकीत ठेवू नयेत, मागच्या सीटवर ठेवावीत, कारण वादळात डिकी उघडली की ती मिनिटभरात बर्फाने भरते. खाण्यात चिवडा उत्तम. बेसनाचा लाडू डिकीत राहिला तर त्याचा दगड होतो, हे सांगून ठेवतो.

निघण्याआधी रस्ते खात्याच्या नकाशावर पठारावरच्या त्या टप्प्याची स्थिती बघायची. तिथे खुला, ताफा, बंद किंवा रात्री बंद यांपैकी काहीतरी लिहिलेलं असतं, आणि पुढची माहिती किती वाजता येणार तेही. 175 नंबरवर फोन करूनही कळतं. ‘पुढची माहिती दहा वाजता’ याचा अर्थ दहाला रस्ता उघडेल असा नाही. दहाला ते पुन्हा बघतील, एवढंच.

फाटकाशी पोचल्यावर ओळीत थांबायचं, पण आधी वारा कुठून येतोय ते बघून. गाडीचं तोंड वाऱ्याकडे असेल तर दार उघडताना वारा ते परत ढकलतो. पाठीवर वारा असेल तर दार हातातून सुटतं आणि बिजागरी वाकते. हा खर्च भाड्याच्या गाडीवर बऱ्याचदा विम्यात बसत नाही. दार नेहमी दोन्ही हातांनी धरून उघडायचं आणि प्रवाशांनाही तसं बजावायचं.

मग ताफ्याचा माणूस एकेका गाडीपाशी येतो. इंधन किती, कपडे आहेत का, टायर कसले, एवढंच विचारतो. त्याला गाडी अयोग्य वाटली तर तो परत पाठवू शकतो, आणि त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. हवेप्रमाणे एका फेरीत किती गाड्या न्यायच्या हेही तोच ठरवतो, त्यामुळे पुढे असूनही पुढच्या फेरीची वाट बघावी लागू शकते.

या वाट बघण्याच्या वेळात पाच मिनिटांची कामं करून घ्यायची. दिव्यांचं बटण ‘ऑटो’वरून काढून हाताने लावायचं. बऱ्याच गाड्यांत ऑटोवर दिवसा पुढचेच दिवे लागतात, मागचे बंद राहतात, आणि मागच्या गाडीला तुम्ही दिसतच नाही. मागचा धुक्याचा लाल दिवा लावायचा. पुढे डिपरच ठेवायचा, कारण हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. वेग आपोआप सांभाळणारं क्रूझ कंट्रोल बंद. पुढचा रडार बर्फाने झाकला की ते अचानक सोडून देतं किंवा उगाच ब्रेक लावतं. हवा बाहेरून घ्यायची, एसी चालू ठेवायचा आणि काचेवर गरम झोत सोडायचा. आतलीच हवा फिरवली तर श्वासाची वाफ काचेवर आतून गोठते. एलईडी दिवे तापत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावरचा बर्फ आपोआप वितळत नाही. ते मोजा घातलेल्या हाताने पुसून घ्यायचे.

फाटक उघडलं की नियम एकच: पुढच्या गाडीचे लाल दिवे सोडायचे नाहीत. फार जवळ गेलात तर तिच्या चाकांनी उडवलेल्या बर्फात आंधळे होता. फार मागे राहिलात तर मधल्या जागेत वारा नवा बर्फ आणून टाकतो, आणि तुमच्या मागची सगळी रांगही तुटते. दिवे दिसेनासे झाले तर रस्त्याच्या कडेला रोवलेल्या परावर्तक काठ्या बघायच्या. उजवीकडची एक काठी दिसली की पुढची दिसेपर्यंत चालण्याच्या वेगाने जायचं. दुसरी दिसलीच नाही तर तिथेच थांबायचं आणि चारही इंडिकेटर लावायचे. कडेला घ्यायचं नाही, कारण कडा कुठे संपते ते त्या वेळी कोणालाच दिसत नाही.

वायपरच्या पात्यावर बर्फाची गाठ धरते आणि काचेवर नेमकी डोळ्यांसमोर एक पट्टी पुसली जात नाही. उतरून ती काढायचा मोह होतो. ताफ्यात गाडीतून उतरायचं नाही. मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसणार नाही, आणि दहा पावलांवरून गाडी सापडत नाही हे खरं आहे. पुढे उजाडेल या आशेवरही राहू नका. नोव्हेंबरच्या अखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथे सूर्य उगवत नाही, दुपारी बारालाही निळसर संधिप्रकाशच असतो.

रांग थांबली आणि दहा मिनिटांत हलली नाही, तर इंजिन चालू असताना धुराड्याची नळी बर्फात गाडली जाण्याचा धोका असतो. मग कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो. वाऱ्याच्या आडोशाची खिडकी बोटभर उघडी ठेवायची. नळी मोकळी आहे की नाही याची खात्री नसेल तर इंजिन बंद करून ब्लँकेट घ्यायचं, आणि ताफ्याचा माणूस येईल तेव्हा त्याला सांगायचं. चालू इंजिन तासाला लिटरभर किंवा त्याहून थोडं कमी इंधन खातं, त्यामुळे भरलेल्या टाकीवर इंधनाची चिंता नसते. फोन छातीजवळच्या खिशात ठेवायचा, डॅशबोर्डवर बॅटरी थंडीने मरते.

पलीकडच्या फाटकातून बाहेर पडलं की सगळे सुसाट सुटतात, आणि दोनेक किलोमीटरवर स्टिअरिंग थरथरायला लागतं. टायर गेला असं वाटतं, पण बहुतेक वेळा चाकाच्या रिमच्या आत बर्फ घट्ट बसून तोल गेलेला असतो. स्काइदीला पंपावर थांबून फावड्याच्या दांड्याने तो पाडायचा. मग बॉनेट उघडून बघायचं. पिठासारखा बर्फ बॅटरीभोवती आणि हवेच्या फिल्टरच्या तोंडाशी ठासलेला असतो. तो हाताने काढायचा. गरम इंजिनवर वितळू दिला तर पाणी फिल्टरमध्ये उतरतं आणि रात्री तिथेच गोठतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू होत नाही, ती यामुळे.