मेरी पॉपिन्स गोड नाहीये आणि ते बरंच आहे

मेरी पॉपिन्स म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर १९६४ चा डिस्नेचा सिनेमा येतो, ज्यूली अँड्र्यूज, छत्री, पेंग्विनांचा डान्स, आणि साखरेबरोबर औषध देणारी हसरी गोड बाई. सिनेमा मलाही आवडतो, गाणी तर तोंडपाठ आहेत. पण पी. एल. ट्रॅव्हर्सची मूळ पुस्तकं हातात घेतली की पहिल्याच चॅप्टरला कळतं की ही बाई कोणीतरी वेगळीच आहे. ती दिसायला सुंदर वगैरे नाही, लाकडी बाहुलीसारखे काळे चकचकीत केस, मोठाले हातपाय, बारीक निळे डोळे. ती सारखी फणकारते, नाक मुरडते, दुकानाची काच दिसली की थांबून स्वतःची टोपी न्याहाळते, आणि मुलांनी काही विचारलं की एक तर रागावते नाहीतर उत्तरच देत नाही. आणि तरीही ती आया म्हणून ज्यांना सांभाळते ती मुलं, जेन आणि मायकल, तिच्यावर जीव टाकतात! मला ही सीरिज इतकी का आवडते याचं कारण नेमकं इथेच आहे असं मला वाटतं.

गोष्ट थोडक्यात सांगायची तर लंडनमधल्या चेरी ट्री लेनवरचं १७ नंबरचं घर, बँक्स कुटुंब. मिस्टर बँक्सनी बायकोला आधीच सांगून ठेवलंय की एक तर नीटनेटकं छान घर मिळेल नाहीतर चार मुलं, दोन्ही परवडणार नाही, आणि तिने मुलं निवडली, म्हणून घराला रंग नाही. जेन, मायकल आणि जुळी जॉन-बार्बरा (अ‍ॅनाबेल दुसऱ्या पुस्तकात जन्मते). आधीची आया न सांगता निघून गेलेली असते आणि पूर्वेचा वारा सुटतो, तो मेरी पॉपिन्सला अक्षरशः घरावर आणून आपटतो. मिसेस बँक्स आधीच्या ठिकाणच्या शिफारशी मागतात तर ही म्हणते, मी शिफारशी देत नाही, ती फार जुनाट पद्धत झाली. आपण जुनाट दिसू नये म्हणून मिसेस बँक्स गप्प! मग ती जिन्याच्या कठड्यावरून घसरत वर जाते, खाली नाही हं, वर. तिची बॅग मुलांनी आत डोकावून बघितलेली असते, पूर्ण रिकामी, आणि त्यातून ती अ‍ॅप्रन, साबण, टूथब्रश असं काय काय काढत शेवटी घडीची कॉट काढते. औषधाची बाटली एकच, पण मायकलला स्ट्रॉबेरी आइस्क्रीमची चव लागते, जेनला लिंबाच्या सरबताची, जुळ्यांना दूध आणि स्वतःसाठी रम पंच.

पण माझ्या मते खरी जादू या वस्तूंची नाहीच. खरी जादू ही की ती नंतर सगळं नाकारते. तिच्या काकांकडे, मिस्टर विगकडे, हसण्याचा गॅस पोटात भरून सगळे छताला तरंगत चहा पितात, टेबलसुद्धा वर येतं, आणि घरी जाताना बसमध्ये मुलांनी त्याबद्दल विचारलं तर ही भडकते, माझे काका सभ्य कष्टाळू माणूस आहेत, हे काय बोलताय! मुलं एकमेकांकडे बघत बसतात. म्हणजे झालं ते खरंच झालं की नाही हे त्यांचं त्यांनाच ठरवायचंय, मोठं कोणी येऊन सांगणार नाही.

यातला माझा सगळ्यात लाडका चॅप्टर म्हणजे पौर्णिमेच्या रात्रीचा. त्या रात्री प्राणिसंग्रहालयात माणसं पिंजऱ्यात असतात आणि प्राणी बाहेरून बघत फिरतात. त्या दिवशी मेरी पॉपिन्सचा वाढदिवसही असतो, आणि सगळ्या प्राण्यांचा राजा कोण, तर सिंह नाही, नागराज! म्हणजे किंग कोब्रा, आपल्याकडे सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या जंगलात सापडतो तोच. ती नात्याने त्याची आईकडून लांबची बहीण लागते, आणि तो वाढदिवसाची भेट म्हणून स्वतःची सोनेरी कात टाकून तिला देतो. मग तो मुलांना जे सांगतो ते वाचताना मी अक्षरशः थांबले होते, की झाड, दगड, पक्षी, जनावर, तारा, आपण सगळे एकाच गोष्टीचे बनलेलो आहोत. नागपंचमीला भिंतीवर नाग काढून पुजणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला लंडनच्या एका पुस्तकात हे असं भेटतं तेव्हा काय वाटतं ते सांगता येत नाही! सकाळी अर्थातच मेरी पॉपिन्स म्हणते मी कशाला जाईन रात्री झूमध्ये, पण तिच्या कमरेला सोनेरी खवल्यांचा पट्टा असतो आणि त्यावर लिहिलेलं असतं, प्राणिसंग्रहालयाकडून भेट. मुलं तो बघतात आणि एक अक्षर बोलत नाहीत.

हे योगायोगाने आलेलं नाहीये हे नंतर लेखिकेबद्दल वाचल्यावर लक्षात आलं. ट्रॅव्हर्सबाई मूळच्या इंग्लंडच्या नाहीतच, १८९९ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या मेरीबरो गावात जन्म, खरं नाव हेलन लिंडन गॉफ. तरुणपणी नाटकात कामं केली आणि १९२४ मध्ये इंग्लंडला आल्या. तिथून कविता पाठवायला लागल्या त्या आयर्लंडच्या जॉर्ज रसेल यांच्या साप्ताहिकाला, हे रसेल म्हणजे एई या नावाने लिहिणारे कवी, पक्के थिऑसॉफिस्ट (सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच सत्य आहे असं मानणारे), उपनिषदं आणि गीता मनापासून वाचलेला माणूस. ते ट्रॅव्हर्सबाईंचे जणू गुरूच झाले. त्यामुळे दुसऱ्या पुस्तकात नुकती जन्मलेली अ‍ॅनाबेल जेव्हा म्हणते की मी पृथ्वी, वारा, अग्नी आणि पाणी आहे, अंधारातून आले, समुद्रातून, आकाशातून आले, तेव्हा आपल्याला त्यात पंचमहाभूतं ऐकू येतात ते काही उगाच नाही.

आणि मिस्टर बँक्स ज्या बँकेत काम करतात ती बँक. ट्रॅव्हर्सबाईंचे वडीलही बँकेत मॅनेजर होते, मग त्यांना खालच्या जागेवर टाकलं, आणि हेलन सात वर्षांची असताना ते वारले. त्यानंतर काही वर्षांनी एका वादळी रात्री आई जीव द्यायचं बोलून घराबाहेर निघून गेली, आणि या मुलीने धाकट्या बहिणींना शेकोटीपाशी जवळ घेऊन एका जादूच्या पांढऱ्या घोड्याची गोष्ट सांगितली. आई परत आली. पण विचार करा त्या रात्रीचा, स्वतःला काहीच माहीत नाही, काही समजावून सांगता येत नाही, आणि तरी लहानांना सांभाळायचंय. मेरी पॉपिन्स दारात उभी राहिली की घर कसं ताळ्यावर येतं, ते वाचताना मला ती शेकोटीपाशी बसलेली मुलगी आठवते. शिवाय त्यांना वाढवायला मदत करणारी एक कडक आत्या-आजी होती, बाहेरून फटकळ, आतून मायाळू, तिच्यातूनच ही आया आली असं ट्रॅव्हर्सबाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय.

आता जॉन आणि बार्बराचा चॅप्टर. हा मी माझ्या दुसरीतल्या भाचीला मराठीतून सांगत सांगत वाचून दाखवला. जुळी अजून वर्षाची झालेली नाहीत आणि त्यांना ऊन, वारा, खिडकीत येणारा साळुंकीच्या जातीचा पक्षी स्टारलिंग, सगळ्यांची भाषा कळते. तो पक्षी म्हणतो, दात आले की तुम्ही विसराल, सगळेच विसरतात, फक्त मेरी पॉपिन्स विसरली नाही. जुळी भोकाड पसरतात की आम्ही नाही विसरणार, आणि आईला वाटतं दात येताहेत म्हणून रडताहेत. मग वाढदिवस होतो, पक्षी परत येऊन बोलतो, आणि जॉन-बार्बरा आपल्याच नादात. तो पंख फिरवून डोळे पुसतो आणि म्हणतो, मी रडत नाहीये, सर्दी झालीये. आमच्याकडे बाळ झोपेत हसलं की आजी म्हणायची सटवाई खेळवतेय त्याला, तीच ही गोष्ट. भाचीने विचारलं, "मावशी, मग मला पण कळायचं का?" मी काहीच बोलले नाही, नुसतं पान उलटलं. ती बराच वेळ खिडकीकडे बघत होती.

सिनेमात हे सगळं नाही. तिथे जुळी नाहीत, नागराज नाही, काळही १९१० चा केलाय. ट्रॅव्हर्सबाईंना कार्टूनचा भाग अजिबात पसंत नव्हता, प्रीमियरला त्या रडल्या. सिनेमाला पाच ऑस्कर मिळाले आणि ज्यूली अँड्र्यूज त्यात अप्रतिमच आहे, पण ट्रॅव्हर्सबाईंचं दुःख मला पूर्ण पटतं. त्यांनी जे मुद्दाम न सांगता ठेवलं होतं ते तिथे हसून समजावून सांगितलंय.

वाचायची असतील तर १९३४ चं पहिलं पुस्तक, १९३५ चं दुसरं आणि १९४३ चं तिसरं एवढी तीन ओळीने वाचा, मेरी शेपर्डच्या चित्रांची प्रत मिळाली तर उत्तमच (विनी द पूची चित्रं काढणाऱ्या ई. एच. शेपर्डची ही मुलगी). १९८८ पर्यंत पुढची पुस्तकं येत राहिली, त्यातलं बागेतल्या गोष्टींचं १९५२ चं छान आहे, ए टू झेड आणि स्वयंपाकाचं पुस्तक मात्र राहिलं तरी चालेल. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पहिल्या पुस्तकात होकायंत्राचा एक चॅप्टर आहे, जुन्या प्रतीत तिथे जगाच्या चार दिशांची माणसं फार अपमानास्पद रंगवलेली होती, ते चूकच होतं. ट्रॅव्हर्सबाईंनी १९८१ च्या आवृत्तीत तिथे प्राणी आणले, पांढरं अस्वल, मकाव पोपट, पांडा आणि डॉल्फिन. मुलांना द्यायची असेल तर ही नंतरची प्रत बघून घ्या.